जनीच्या चुन्याची बोटं

कौलं चाळणाऱ्या माणसाला उंचीची भीती वाटावी, हे ऐकून हसू येत असेल तर आधी हसून घ्या. आम्ही चौलातली माणसं बावीस वर्षं हसतोय. बाळाजी त्याचं नाव. त्याचा बाप, आजा, पणजा सगळे गावातल्या छपरांवर चढून म्हातारे झाले. दर साल पावसाआधी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, किडका वासा काढायचा आणि पुन्हा सगळं रचायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. तो बाळाजीला मिळाला. त्याचबरोबर शिडीच्या चौथ्या पायरीवर पाय ठेवला की डोळ्यांपुढे नारळाची झाडं गरगरायची खोडही मिळाली. ती कुणाकडून आली, हे त्या घरात अजून कुणी कबूल करत नाही.

पण ही हकिकत त्याची नाही, त्याच्या बायकोची आहे. जनीची.

लग्नानंतर काही वर्षं बाळाजीनं वर चढायला गडी ठेवला आणि आपण खालून कौलं देत राहिला. एकदा माझ्या शेजारच्या ठमाबाईंच्या घरी काम निघालं आणि गडी आलाच नाही. अर्धं छप्पर उघडं, आभाळ भरलेलं. बाळाजी देवाचं नाव घेऊन चढला आणि चौथ्या पायरीवर दोन्ही हातांनी शिडी कवटाळून राहिला. वर जाईना, खाली येईना. जनी खाली कौलं पुसत होती. तिनं वर पाहिलं, लुगड्याचा काष्टा कसला आणि नवऱ्याच्या खांद्यावर पाय देऊन सरळ छपरावर गेली. संध्याकाळपर्यंत घर शाकारून झालं. बाळाजीला उतरवायला तेवढी दोन माणसं लागली.

बाईमाणसानं आढ्यावर पाय देऊ नये, असं तेव्हा काही म्हातारे म्हणाले. मीही एक पुडी सोडली. देवळाच्या पारावर बसून मी सांगितलं, की जनी वर जाऊन काम करत नाही, आढ्याला टेकून पान खाते आणि पिंक आमच्या परसात टाकते. त्यातलं पिंकेचं खरं होतं. बाकीचं मी जरा सजवलं होतं.

दिवेलागणीच्या आत ते तिच्या कानावर गेलं. ती माझ्या दारात आली, कमरेची चुन्याची डबी काढून माझ्या नाकासमोर धरली.

"तात्या, आजपासनं जिथं माजा हात लागंल तिथं चुन्याचं बोट वडून ठेवीन. शिडी लावून देते. वर चडा नि मोजा."

मी चढलो नाही. माझे गुडघे तेव्हापासूनच दुखतात. तिनं मात्र शब्द पाळला. चौलात ज्या ज्या घरावर ती चढली तिथे दर साल, प्रत्येक कोपऱ्यात, चुन्याचं एक बोट. कोण बघणार तिकडे? मीही विसरलो. पुढे 'निसर्ग' वादळ आलं, निम्म्या गावाची कौलं वाडीत जाऊन पडली. तेव्हा दोन महिने जनी जमिनीवर फक्त जेवायला उतरायची. बाळाजी खाली शिडी धरून उभा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मी सुपरवायझर हाय."

त्या वादळाचा धसका घेऊन ठमाबाईंच्या राहुलनं घराचा विमा उतरवला. राहुल पनवेलला एका कंपनीत आहे, शनिवार-रविवार घरी येतो. ठमाबाईंना विमा पटला नव्हता. "घर काय मरायला टेकलंय काय," म्हणाल्या. गेल्या वैशाखात मात्र त्याची गरज पडली.

वादळ तसं छोटं होतं. नाव ठेवण्याइतकंही नव्हतं. दुपारी चारला खाडीकडून धूळ उठली आणि वीस मिनिटांत सगळं आटोपलं. ठमाबाईंची पुढची दारं धाडकन उघडली, वारा आत घुसला, मागच्या अंगाला मोठा आवाज झाला. पाच-पंचवीस कौलं फुटली, पाऊणशे जागची हलली. जनी त्या वेळी रेवसला, लेकीच्या, म्हणजे प्राप्तीच्या बाळंतपणाला गेली होती. म्हणून राहुलनं आणि दोन पोरांनी चढून कौलं कशीबशी रचली. मी खालून सूचना दिल्या. त्यांतली एकही त्यांनी ऐकली नाही, म्हणून कौलं बरी बसली.

मग फोन आला, की विमा कंपनीचा सर्व्हेअर बघायला येणार.

आता इथे काय घडलं ते जपून सांगितलं पाहिजे, कारण त्यात माझा हात होता. शहरातला माणूस घर बघायला येणार म्हटल्यावर ठमाबाईंनी पदर खोचला. घरात परका माणूस येतो, तो प्रत्येक कोपऱ्यात डोकावणार, मग लोक काय म्हणतील? राहुलला मुली सांगून येत होत्या तेव्हासुद्धा त्या घराला एवढा हात फिरला नव्हता. फुटकी कौलं उचलून माडाच्या आळ्यात पुरली. पडवीतली माती झाडली, सारवलं. मागच्या भिंतीला तडा गेला होता, त्याच्यापुढे कपाट सरकवलं. तुळया काळ्या दिसतात म्हणून त्या हळहळल्या, तेव्हा मी म्हटलं, "वैनी, अंगणवाडीच्या भिंती रंगवून उरलेला डबा आहे माझ्याकडे."

डबा गुलाबी होता.

दोन दिवसांत ओटी, माजघर, सगळ्या तुळया गुलाबी झाल्या. दारात रांगोळी पडली. वादळानं घराचं काय नुकसान केलं हे बघायला येणाऱ्या माणसासाठी आम्ही नुकसान निपटून ठेवलं, आणि वर शहाळी उतरवून ठेवली.

सर्व्हेअर आला. निकेत नाव, तिशीच्या आतला, चष्मा, पाठीला पिशवी, बोलायला गोड. पिशवीतून त्यानं ड्रोन काढला. तो उडाला तशा ठमाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, वरून कुणी वडीलधारं बघत असल्यासारखा. ड्रोननं छपराचे फोटो काढले आणि उतरताना शेजारच्या मृणालीचे वाळत घातलेले पापड विहिरीपर्यंत उडवले. आत येऊन निकेतनं तुळयांकडे पाहिलं, त्या अंगणवाडीसारख्या टवटवीत. जमीन सारवलेली, कौलं रांगेत.

"घर छान ठेवलंय, आजी," तो म्हणाला.

ठमाबाई धन्य झाल्या. त्यांनी त्याला दुसरं शहाळं दिलं.

चार दिवसांनी राहुलच्या मोबाइलवर अहवालाचा मसुदा आला. राहुलनं सांगितलेली पंचवीस फुटकी कौलं मान्य. पुढे लिहिलं होतं: 'छपरास मागील बाजूस किंचित कल आढळतो, तो घराचे वय व अपुरी देखभाल यांमुळे असावा.' खाली मान्य असल्याची खूण करायची. ती केली की प्रकरण बंद.

त्याच शनिवारी सकाळी जनी रेवसहून परत आली. बारशाचे पेढे द्यायला ठमाबाईंकडे शिरली, तेव्हा राहुल आणि मी तिथेच होतो. ती पडवीतल्या झोपाळ्यावर बसली. एक झोका घेतला. झोपाळ्याचा कोपरा भिंतीला लागला. टक्.

ती उठली, पुन्हा बसली. टक्.

"ठमाकाकी, ह्यो झोपाला कवापासनं भिंतीला लागतोय?"

"वादळापासनं जरा लागतो. कड्या सैल झाल्या असतील."

जनीनं कड्या पाहिल्या. वर तुळईकडे पाहिलं. "आगं बाय, ह्यो रंग कुनी फासलान?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. विषय बदलावा म्हणून मी अहवालाचं बोललो. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. 'अपुरी देखभाल' हे दोन शब्द मी जरा सावकाश उच्चारले.

जनी ओरडली नाही. पेढ्यांचा पुडा बंद केला, मांडीवर ठेवला.

"राहुल, सही केलास?"

"अजून नाही, काकी. आज करतोय. साहेब शिकलेले आहेत, त्यांनी ड्रोननं बघितलंय."

"ड्रोनला कौलं दिसली. कौलं म्हंजे घराची टोपी. टोपी नीट बसली म्हनून डोकं फुटलं न्हाय, असं हाय का? झोपाला तुलईला टांगलाय. तुलई सरकल्याबिगर झोपाला सरकत न्हाय. तुजी आय त्या छपराखाली निजतेय. आनि दुसरं सांगते. पैशाचं तू बग. पन ह्या गावात छपराची देखभाल म्हनजे कोन? मी. त्या कागदावर माजं नाव न लिवता माजंच नाव लिवलंय. साहेबाला बोलव. मी दाखवते. नाय दाखवलं, तर मान्य कर, नि उद्यापासनं माज्या हातात कौल देऊ नको."

राहुलनं माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं. सगळं गुलाबी होतं.

निकेत दुसऱ्याच दिवशी आला, किहीमला एक बंगला बघायचा होता, त्याच्या आधी. पण आळीत बातमी कशी काय पसरली कोण जाणे, अंगणात वीसेक माणसं जमली होती. तुम्ही माझ्यावर संशय घेणार, घ्या.

"काय दाखवायचं आहे, मावशी?" निकेतनं विचारलं. "आतली लाकडं मी पाहिलीत."

"रंग पायलात साहेब, लाकडं न्हाय. सैपाकघराच्या माल्यावर चला. तिथं पावन्याला कुनी नेत न्हाय, म्हनून ते एकच ठिकान वाचलंय."

ठमाबाई कळवळल्या. माळ्यावर नारळांचा ढीग, फुटके हंडे आणि तीन पावसाळ्यांचं सरपण. "तिथं नको गं, जने. लाज काढशील."

"आज लाजच कामाला येनार हाय, काकी."

शिडी लावली. जनी सरसर वर गेली. निकेत चढू लागला आणि चौथ्या पायरीवर थांबला. त्याचे हात शिडीला घट्ट चिकटले. कपाळावर घाम. मग कळलं, तो सगळीकडे ड्रोन का घेऊन फिरतो.

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. शिडी धरून उभा असलेला बाळाजी मात्र हसला नाही. त्यानं खालून फार मायेनं सांगितलं, "साहेब, बिनघोर ऱ्हावा. त्या पायरीला मी बावीस वर्षं वळखतो."

जनी वरून वाकली. असल्या माणसाशी कसं बोलायचं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"बाला, खाली बगू नको, वर बी बगू नको. माज्या हाताकडं बग. ही बांगडी कंची हाय?"

"हिरवी," निकेत म्हणाला.

"हिच्यावर नक्षी काय हाय? न्हाय दिसत? एक पायरी ये, दिसंल."

तो एक पायरी चढला.

"ठिपके."

"किती? ये, मोज."

ठिपके मोजता मोजता तो माळ्यावर पोचला. खाली बाळाजी मला हळूच म्हणाला, "हे माज्या टायमाला न्हाय सुचलं तिला."

पुढचं मी शिडीखालून ऐकलं, काही राहुलनं सांगितलं, तो त्यांच्या मागोमाग चढला होता. जनीनं नारळ बाजूला लोटले. छप्पर उतरतं होऊन जिथे मागच्या भिंतीला मिळतं, तिथे भिंतीच्या माथ्यावर लांबलचक लाकडी पाट आहे आणि त्यावर वासे टेकलेत. ठमाबाईंच्या चुलीचा धूर त्या कोपऱ्यात पन्नास वर्षं जातोय. गॅस आला, पण भाकरी त्या अजून चुलीवरच भाजतात. सगळं लाकूड तव्यासारखं काळं. जनी म्हणाली, "बत्ती मारा."

निकेतनं मोबाइलची बत्ती मारली. काळ्या पाटावर प्रत्येक वाशाच्या शेजारी चार बोटं रुंदीचा पिवळा, कोरा पट्टा होता. मनगटावरची बांगडी वर सरकवली की खाली गोरा पट्टा दिसतो ना, तसा. वासे आधी तिथे होते. धूर त्यांच्याखाली कधी पोचलाच नव्हता.

"वारा फुडच्या दारानं आत शिरला," जनी म्हणाली, "नि छप्पर उचललान. भाताच्या पातेल्यावरचं झाकन वाफ उचलते न, तसं. मग ठेवलान, पन जागेवर न्हाय. वाशाला पाटावर धरून ठेवते ती ही खुंटी बगा, मोडलीय. आतलं लाकूड कोरं हाय का न्हाय?"

निकेतनं वाकून खुंटी पाहिली. माणूस प्रामाणिक, पण कसलेला. त्यानं नेमका प्रश्न विचारला.

"सरकलंय हे खरं, मावशी. पण याच वादळात सरकलं कशावरून? मागच्या मोठ्या वादळात सरकलं असेल आणि तसंच राहिलं असेल. मग ती देखभालीतलीच चूक म्हणावी लागेल."

मला, खरं सांगतो, वाटलं की बाई अडकली.

"पाटावर चुना दिसतोय?" जनीनं विचारलं.

पाटावर चुन्याच्या रेघा होत्या. बोटभर लांबीच्या, ओळीनं. सुरुवातीच्या रेघा धुरानं जवळजवळ गिळलेल्या, मग करड्या, मग मळकट, आणि शेवटची पांढरी स्वच्छ.

"मोजा."

"बावीस," निकेत म्हणाला.

"दर साल खुंटी ठोकून बगितली की एक बोट वडते. अर्दं पाटावर, अर्दं वाशावर. आता बाकीचं अर्दं वाशावर शोदा."

निकेतनं बत्ती वाशावर फिरवली. तिथेही बावीस अर्ध्या रेघा होत्या. एकही पाटावरच्या रेघेला जुळत नव्हती. सगळ्या सारख्याच, चार बोटं पुढे सरकलेल्या. जुनी काळी चार बोटं, नवी पांढरीही चार बोटं.

"मागच्या वादळात सरकलं असतं तर नंतरच्या रेगा जुलल्या असत्या," जनी म्हणाली. "शेवटची ह्या चैतात वडली. गुडीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. काकीनं श्रीखंड दिलं होतं. ती बी तुटलीय. आता सांगा, चैतापासनं आजपत्तर ह्या घराला कोन हलवून गेलं? मी?"

निकेतचा आवाज आला, जरा बारीक. "मावशी, जरा हात बाजूला घ्या. फोटो काढतो." त्यानं पट्टी लावली, एक एक रेघ टिपली. अर्धा तास तो वर होता आणि उंचीचं भान त्याला एकदाही आलं नाही. उतरताना आलं. पण बाळाजीनं त्याचे पाय धरून पायरीवर ठेवले, एक एक करून, अनुभवी माणसाच्या सफाईनं.

खाली आल्यावर निकेतनं स्वतःहून कपाट सरकवायला सांगितलं. मागे तडा होता, हात जाईल एवढा. ठमाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग जनी पुढे आणि साहेब मागे, असं सगळं घर फिरणं झालं. ती लाकडी हातोडीनं खांबांवर ठोकायची आणि कान लावायची. निकेतही कान लावायचा. मागचं दार घासतंय ते तिनं दाखवलं, पडवीतला खांब तळच्या दगडावरून सुटलाय तो दाखवला. एका तुळईवरचा गुलाबी रंग खरवडला, खाली लांब भेग निघाली. निकेतनं माझ्याकडे पाहिलं. अंगणवाडीचा रंग फार टिकाऊ असतो, एवढंच मी म्हणालो.

दहा दिवसांनी नवा अहवाल आला. राहुल पनवेलहून खास रजा टाकून आला आणि पडवीत उभा राहून त्यानं मोठ्यानं वाचला. आकड्यांची पानं कुणी ऐकली नाहीत. शेवटी होतं: 'छपराचे आतील नुकसान वादळी वाऱ्यामुळेच झाले आहे. सदर छपराची गेली बावीस वर्षे दरवर्षी नियमित व उत्तम देखभाल झाल्याचा पुरावा जागेवर आढळला.'

जनी खांबाला टेकून पान लावत होती. म्हणाली, "परत वाच."

त्यानं परत वाचलं.

"आता तात्याकडं तोंड करून वाच."

तिसऱ्यांदा माझ्याकडे तोंड करून वाचलं गेलं. मी मान डोलावली. आणखी काय करणार?

निकेत माळ्यावर चढला त्या दिवशी त्याची गाडी किहीमला जायला निघाली, तेव्हाची गंमत सांगायची राहिलीच. तो गाडीत बसला, काच खाली केली आणि म्हणाला, "मावशी, येता का? तिथला बंगलाही बाहेरून ठाकठीक दिसतोय." जनी पुढच्या सीटवर बसली, हातोडी मांडीवर घेऊन. बाळाजीला मागे बसवलं. तिथे गच्ची होती म्हणे, बाळाजी गाडीतून उतरला नाही. तेव्हापासून अलिबागेपासून रेवदंड्यापर्यंत लोक विम्याच्या कागदावर सही करण्याआधी जनीला फोन करतात. फोन बाळाजी उचलतो. "मॅडम छपरावर हायेत," म्हणतो.

ठमाबाईंचं छप्पर आठ माणसांनी जॅक लावून उचललं आणि मूळ जागी आणून बसवलं. जनी आढ्यावर दोन पाय फाकून उभी, हातवारे करत होती. "मागं, मागं, अजून अंगठाभर." नव्या खुंट्या ठोकल्या, लोखंडी पट्ट्या मारल्या. शेवटी माळ्यावरून तिची हाक आली, "जुलल्या गं काकी, बावीसच्या बावीस." खाली ठमाबाईंनी सगळ्यांदेखत झोपाळ्यावर बसून मोठा झोका घेतला. झोपाळा भिंतीपासून लांबून गेला. पुन्हा घेतला. या वयात त्यांनी किती झोके घ्यावेत याला काही धरबंध राहिला नाही.

जनी उतरली. नव्या जोडावर तेविसावी रेघ ओढून आली होती, बोट अजून पांढरं होतं. मी खुर्ची टाकून अंगणात बसलो होतो. कामावर कुणीतरी देखरेख ठेवावी लागते.

"तात्या, आता तरी चडा नि मोजा."

"गुडघे," मी म्हणालो.

ती माझ्या मागे आली. पाठीला काहीतरी गार लागलं. वळून पाहतो तर चुन्याची रेघ, अर्धी माझ्या सदऱ्यावर, अर्धी खुर्चीच्या पाठीवर.

"काकी, ध्यान ठेवा," जनी म्हणाली. "रेग तुटली की समजायचं, म्हातारा पारावर गेला."

मी जेवणवेळेपर्यंत तिथेच बसून होतो. मग मला ही सगळी हकिकत कुणाला तरी सांगायची होती, म्हणून उठलो.